साष्टीतल्या श्रोत्याचा प्रश्न आणि फादर स्टीफन्सचं उत्तर : एक प्रकरण अभ्यास

फादर थॉमस स्टीफन्सचं नाव काढलं की आपल्याकडे लगेच ती मराठीच्या कौतुकाची ओवी येते, मोगरी, कस्तुरी वगैरे, आणि मराठी भाषा दिनाला तर ती व्हॉट्सॲपवर चार ग्रुपमधून फिरते. ओवी सुंदर आहे, वाद नाही. पण तिच्यामुळे होतं काय की माणूस 'मराठीवर प्रेम करणारा गोरा पाद्री' एवढ्यावरच संपतो, आणि ख्रिस्तपुराण, म्हणजे बायबलची गोष्ट मराठी ओव्यांत सांगणारा त्याचा ग्रंथ, मुळात कशासाठी लिहिलं, कुणी मागितलं, आणि मागायची पाळी का आली हे कुणी बघतच नाही. सुवार्ता सांगताना 'ऐकणारा जिथे आहे तिथून सुरुवात करा' असं ट्रेनिंगमध्ये सगळे सांगतात, त्याची आपल्या भाषेतली सगळ्यात मोठी केस हीच आहे, आणि ती दिसते तेवढी गोड नाही म्हणूनच मला ती नीट मांडावीशी वाटते.

आधी जागा. ही साष्टी म्हणजे ठाणे-मुंबईची साष्टी नव्हे, गोव्याची. मडगाव, राय, राशोल, कुंकळ्ळी हा सगळा भाग. पोर्तुगीजांनी गोवा घेतलं १५१० मध्ये, पण साष्टी आणि बारदेश त्यांच्याकडे कायमचे आले १५४३ ला. मग वाटणीच झाली म्हणा ना, बारदेश फ्रान्सिस्कनांकडे आणि साष्टी जेझुइटांकडे, हे दोन्ही कॅथलिक पाद्र्यांचे संघ. १५६० ला इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, आलं, १५६७ ला साष्टीतली देवळं पाडली गेली, शेकड्यांनी. देव पळवून नदीपलीकडे अंत्रुजात, म्हणजे आजच्या फोंड्याच्या भागात, नेले गेले, आज मंगेशी, म्हाळसा, शांतादुर्गा जिथे आहेत ते सगळे असे अलीकडच्या गावांतून गेलेले, मंगेश कुशस्थळीचा, म्हाळसा वेर्ण्याची, शांतादुर्गा केळशीची. जे लोक मागे राहिले त्यातले बरेच ख्रिस्ती झाले. काही मनापासून, काही जमीन आणि गावकीतला हक्क टिकवायला, काही भीतीने. कुणाच्या मनात किती होतं ते मोजायला आपण तिथे नव्हतो. पण पोथ्यांचं काय झालं ते माहिती आहे, पोथ्या घरात ठेवायला बंदी, सापडल्या की जप्त. गंमत म्हणजे त्यातल्या रामायण-महाभारतातल्या कथा पाद्र्यांनीच रोमन लिपीत उतरवून घेतल्या आणि त्या वह्या आजही पोर्तुगालमध्ये ब्रागाच्या ग्रंथालयात आहेत. म्हणजे लोकांना ज्या वाचायला बंदी त्या पाद्री स्वतः वाचत बसले होते, कारण ही माणसं काय ऐकून मोठी झाली ते कळल्याशिवाय त्यांचंही पान हलत नव्हतं.

आता माणूस. स्टीफन्स इंग्लंडमधल्या विल्टशरचा, जन्म १५४९ च्या आसपासचा. त्या काळात इंग्लंडमध्ये कॅथलिक असणं म्हणजे जिवाला घोर, तेव्हा तो रोमला जाऊन जेझुइट झाला, लिस्बनहून जहाजात बसला आणि १५७९ च्या ऑक्टोबरमध्ये गोव्यात उतरला. पोचल्यावर वडिलांना प्रवासाचं लांबलचक पत्र लिहिलं, ते पुढे इंग्लंडमध्ये छापलंही गेलं. चार वर्षांनी भावाला लिहिलेल्या पत्रात तो इथल्या भाषांची रचना ग्रीक-लॅटिनसारखी वाटते असं लिहितो. युरोपात तुलनात्मक भाषाशास्त्र उभं राहायच्या दोनशे वर्षं आधी! मुद्दा असा की ह्या माणसाचा कान चांगला होता. आणि तो कान त्याने जवळजवळ सगळं आयुष्य साष्टीत वापरला, गावागावांत, राशोलच्या कॉलेजात, मेला तोपर्यंत म्हणजे १६१९ पर्यंत.

ह्याच्यात एक प्रसंग विसरून चालत नाही. जुलै १५८३, कुंकळ्ळी. पाच जेझुइट तिथे गेले, चर्चसाठी जागा बघायला. त्यात रुडॉल्फ अक्वाविवा, जो काही महिन्यांपूर्वी फत्तेपूर सिक्रीला अकबराच्या दरबारात चर्चा करून आला होता. गावकऱ्यांनी त्यांना ठार मारलं, कारण त्याच गावाची देवळं त्याआधी पाडलेली होती, राग साचलेलाच होता. मृतदेह ताब्यात घेण्याच्या कामात स्टीफन्स होता, भाषा येत होती म्हणून. नंतर पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि मारून टाकलं. हे सगळं त्याच्या डोळ्यासमोरचं. ख्रिस्तपुराण छापून आलं १६१६ मध्ये, म्हणजे कुंकळ्ळीनंतर तेहतीस वर्षांनी. कुंकळ्ळीमुळेच त्याने पुराण लिहिलं असा सरळ धागा जोडायचा मोह होतो, लोक जोडतातही, पण त्याचा पुरावा मला कुठे दिसलेला नाही. एवढं मात्र नक्की की देऊळ पाडून वर क्रूस रोवला की माणसं जिंकली असं समजणाऱ्यांचा हिशेब कुठे जातो ते त्याने जवळून बघितलं होतं.

प्रश्न कुणी विचारला

आता केसचा गाभा. ख्रिस्तपुराणाच्या पहिल्याच अवस्वरूत (अध्यायाला तो अवस्वरू म्हणतो) एक प्रसंग आहे. साष्टीच्या चर्चमध्ये रविवारी पाद्री 'दोत्रीन' शिकवतोय, म्हणजे विश्वासाची प्रश्नोत्तरं, देव किती, त्रैक्य म्हणजे काय, आज्ञा कोणत्या, घोकून पाठ करायची. तिथे बसलेला एक ख्रिस्ती झालेला ब्राह्मण उठून बोलतो. त्याचं म्हणणं साधारण असं, की हे तुम्ही शिकवता ते ठीक आहे, चांगलंच आहे, पण आमची आधीची पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आमच्यासाठी तसं दुसरं काही का करत नाही? मराठीत एखादं पुराण असतं तर लोकांच्या मनासारखं झालं असतं.

हा प्रसंग जसाच्या तसा घडला की पुराणाची सुरुवात अशीच करायची असते म्हणून स्टीफन्सने रचला, कोण जाणे, पुराणात श्रोत्याने विचारायचं आणि वक्त्याने सांगायचं ही पद्धतच आहे. पण रचला असला तरी ग्रंथाच्या तोंडावर त्याने जे ठेवलं ते बघा. श्रोता जवळजवळ तक्रार करतोय, आणि तक्रार चर्चविरुद्ध आहे. तुम्ही काढून घेतलं, तुम्ही द्या. चर्चच्या परवानगीने, इन्क्विझिशनच्या नाकासमोर छापलेल्या पुस्तकात हे वाक्य आहे, आणि ते पाखंड्याच्या तोंडी घातलेलं नाही, बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाच्या तोंडी आहे.

मला वाटतं ही केस सगळ्यात जास्त शिकवते ती इथे. 'ऐकणारा जिथे आहे तिथून सुरुवात' म्हटलं की आपल्या डोक्यात येतं की सांगणारा हुशार, त्याने निरीक्षण केलं, लोकांची संस्कृती अभ्यासली आणि एक पूल शोधला. इथे तसं झालेलं नाही. ऐकणारा जिथे उभा होता ती जागा म्हणजे एक खड्डा होता, आणि तो खड्डा सांगणाऱ्यांनीच खणलेला. संध्याकाळी पोथी लागायची, गावातली माणसं बसायची, ओवी गायली जायची, मग अर्थ सांगितला जायचा, हे पिढ्यान्पिढ्या चाललेलं. गोव्यात ते मराठीतून चालायचं, घरात कोंकणी आणि पोथीत मराठी, केळशीच्या कृष्णदास शामाने १५२६ ला कृष्णचरित्र लिहिलं ते मराठी ओव्यांत. आणि एका पिढीत हे सगळं बंद. त्याच्या जागी आलं काय तर लॅटिन मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, जो कळत नाही, आणि दोत्रीन जे पाठ करायचं. संध्याकाळ मात्र रिकामी. माणसाला देव बदलायला सांगता येतं, पण संध्याकाळी गोष्ट ऐकायची सवय कशी बदलायला सांगणार?

उत्तर काय दिलं

स्टीफन्सपुढे पर्याय होते. दोत्रीनच कोंकणीत करणं, ते त्याने केलंही, त्याचं कोंकणी दोत्रीन त्याच्या मरणानंतर १६२२ ला राशोलला छापलं गेलं, कोंकणीचं व्याकरणही त्याचंच, १६४० ला छापलेलं. दुसरा पर्याय म्हणजे वेष बदलणं. त्याच सुमाराला, १६०६ पासून, रॉबर्टो द नोबिली मदुराईत भगवी वस्त्रं घालून संन्याशासारखा राहत होता आणि त्यावरून चर्चमध्येच मोठी भांडणं झाली. स्टीफन्सने वेषाला हात लावला नाही. त्याने फॉरमॅट घेतला. ओवी, अवस्वरू, श्रोत्यांचे प्रश्न, सुरुवातीचं नमन, सगळं. आणि आकारही पुराणाचाच, दोन भाग, मिळून ९५ अवस्वरू आणि १०,९६२ ओव्या. छोटंसं पत्रक वगैरे काही नाही, वर्षभर लावून बसावं एवढं मोठं काम.

सुरुवात अशी:

वो नमो विश्वभरिता । देवा बापा सर्व समर्था । परमेश्वरा सत्यवंता । स्वर्ग पृथ्वीचेया रचणारा ॥

पोथी ऐकलेल्या माणसाला हे कानाला लगेच ओळखीचं, 'नमो'ने सुरू होणारं नमन, तीन चरणांना यमक आणि चौथा मोकळा. आता तीच ओवी जरा थांबून वाचा. देव, बाप, सर्वसमर्थ, स्वर्ग आणि पृथ्वी निर्माण करणारा. चर्चला जाणाऱ्याच्या लक्षात यायला हवं की हे प्रेषितांच्या विश्वासांगीकाराचं, म्हणजे चर्चमध्ये म्हणायच्या श्रद्धेच्या कबुलीचं, पहिलं वाक्य आहे, जवळजवळ शब्दाला शब्द! म्हणजे सकाळी जे पोरं दोत्रीनमध्ये घोकतात तेच संध्याकाळी नमन म्हणून गायचं. ह्या एका ओवीत त्याची सगळी पद्धत आहे असं मी म्हणेन. आशय एका दाण्यानेही कमी केला नाही आणि चाल एका मात्रेनेही परकी ठेवली नाही.

दुसरी गोष्ट क्रमाची. येशूचा जन्म दुसऱ्या पुराणात आहे. त्याआधी पहिलं पुराण, ३६ अवस्वरू, ४,२९६ ओव्या, आणि त्यात सृष्टीची उत्पत्ती, देवदूतांचं पतन, आदाम-एवा, नोहा, अब्राहाम, मोशे, राजे, संदेष्टे. आजचा सुवार्तिक तिसऱ्या मिनिटाला क्रूसावर पोचतो, आणि ऐकणारा मनात म्हणत असतो की हा कोण, कुठला, आणि माझ्यासाठी का मेला. स्टीफन्सला घाई नव्हती. पुराण ऐकणाऱ्याला सवय असते की जग कसं झालं इथून गोष्ट सुरू होणार, वंशावळी येणार, युगं जाणार आणि मग नायक येणार, तर त्याने तसंच ठेवलं. बायबलची रचनाही तशीच असल्याने त्याला काही वाकवावं लागलं नाही, आणि त्याचं नशीब म्हणा की नजर, दोन्ही गोष्टी एकमेकींवर चपखल बसल्या.

तिसरी गोष्ट भाषेची, पण मोगरी-कस्तुरीवाली नाही. गद्य प्रस्तावनेत तो सरळ सांगतो की परमेश्वराच्या गोष्टी सांगायला ह्या देशातल्या भाषांमध्ये मराठी योग्य वाटली, पण शुद्ध मराठी मध्यम लोकांना कळत नाही, म्हणून जुन्या कवींचे बरेच अवघड शब्द सोडून दिले आणि ठिकठिकाणी ब्राह्मणांच्या भाषेतले, म्हणजे तिथल्या कोंकणीतले, सोपे शब्द मिसळून कवित्व सोपं केलं. हे वाचल्यावर मला त्या माणसाबद्दल जास्त आदर वाटतो. कारण फॉरमॅट उचलणारे पुष्कळ असतात, पण एकदा का छान ग्रांथिक मराठी यायला लागली की ती मिरवायची हौस भल्याभल्यांना सुटत नाही. (आमच्याकडची काही प्रवचनं आठवा. 'तारणप्राप्तीस्तव पश्चात्तापदग्ध' वगैरे, मागच्या बाकावरची आजी झोपलेली.)

चौथी, मध्येमध्ये श्रोते बोलतात. शंका काढतात आणि पाद्रीगुरू उत्तर देतो. म्हणजे ऐकणारा जिथे आहे तिथून सुरुवात करून मग त्याला तिथेच सोडून दिलं असं नाही, अडखळेल तिथे परत त्याच्याजवळ यायचं.

आणि जे दिलं नाही तेही सांगायला हवं. आजकाल काही जण स्टीफन्सला सर्वधर्मसमभावाचा आद्य पुरस्कर्ता करून टाकतात, तसं काही नाहीये. वैकुंठ म्हणतो, मुक्ती म्हणतो, येशूला वैकुंठाचा राजा करतो, पण मूर्तिपूजेवर टीका आहे, स्पष्ट आहे, आजच्या वाचकाला टोचेल इतकी आहे. ज्या पुराणांचा साचा घेतला त्या पुराणांतल्या देवांना त्याने जागा दिलेली नाही. पद्धत वाकवली, आशय वाकवला नाही. हे कुणाला आवडो न आवडो, केस मांडताना लपवण्यात अर्थ नाही.

छपाईचा किस्सा मला फार आवडतो. १६०८ मध्ये त्याने रोमला जेझुइटांच्या प्रमुखाला पत्र लिहिलं की इथल्या लोकांच्या भाषेत आणि इथल्याच लिपीत पुस्तकं छापलेली बघायची इच्छा आहे. अडचण काय, तर युरोपात चोवीस अक्षरांत काम भागतं, इथे जोडाक्षरं धरून सहाशे साचे पाडावे लागतील, आणि वर प्रांतिक वरिष्ठांची परवानगी हवी. ते जमलं नाही. त्यामुळे मराठी पुराण छापलं गेलं रोमन लिपीत. म्हणजे वाचू शकणार पाद्री आणि चर्चच्या शाळेत शिकलेली पोरं, बाकीच्यांनी ऐकायचं. पण पोथी आधीही बहुतेकांसाठी ऐकायचीच गोष्ट होती, त्यामुळे ह्या मोठ्या तोट्याने गाडं अडलं नाही.

पुढे काय झालं

चाललं. १६१६ नंतर १६४९ आणि १६५४ ला परत छापावं लागलं. पाठोपाठ एतियेन द ला क्रुआ नावाच्या फ्रेंच जेझुइटाने १६२९ ला संत पेत्रावर मराठी पुराण काढलं, म्हणजे एक प्रकारच सुरू झाला. आणि मग सरकारचा सूर बदलला. १६८४ ला व्हाइसरॉयने फर्मान काढलं की लोकांनी तीन वर्षांत स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलायला लागावं. ज्या भाषेत विश्वास रुजला तीच भाषा काढून टाका! आधी पोथ्या काढल्या तसंच हे. छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही, तिन्हींपैकी एकही नाही.

पुराण टिकलं ते लोकांनी हाताने उतरवून घेतलं म्हणून. गोव्यातून दक्षिणेकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी वह्या नेल्या, पिढ्यांमागून पिढ्या नकलून काढल्या, आणि अशाच हस्तलिखितांवरून १९०७ ला मंगळूरला जे. एल. साल्ढाणांनी ते परत छापलं. देवनागरीतली एक प्रत लंडनला मार्सडेनच्या संग्रहात सापडली. देवनागरीतून छापून यायला १९५६ उजाडलं, शांताराम बंडेलूंनी पुण्यात काढलं. पद्धत चालली की नाही ह्याचा निकाल बाप्तिस्म्याच्या आकड्यांत शोधायला गेलं तर गोव्याच्या केसमध्ये तो लागणारच नाही, कारण आकड्यांमागे सक्ती किती हे कधीच वेगळं काढता येत नाही. पण कुणाची सक्ती नसताना, उलट सरकार भाषा सोडा म्हणत असताना, लोकांनी दहा हजार ओव्या हाताने उतरवल्या. ह्यापेक्षा चांगला पुरावा मला तरी माहीत नाही.

तरी दोन गोष्टी मला खटकतात. पहिली, प्रश्न विचारणारा ब्राह्मण आहे. साष्टीत गावडे होते, कुणबी होते, ताडी काढणारे रेंदेर होते, मासेमार खारवी होते. त्यांचं ऐकणं कुठे होतं? ते पोथीला बसायचे का, की त्यांची गोष्ट बायकांच्या धालो-फुगडीच्या गाण्यात होती, मांडावर, म्हणजे गावातल्या नाचगाण्याच्या जागेवर होती? स्टीफन्सने 'मध्यम लोकां'पर्यंत उतरायची काळजी घेतली हे खरं, पण त्याच्या कानापर्यंत पोचलेला आवाज गावातल्या शिकलेल्या माणसाचा होता. गोव्याच्या चर्चमध्ये जात पुढे कित्येक शतकं टिकून राहिली हे बघता हा मुद्दा किरकोळ नाही. दुसरी गोष्ट सत्तेची. बायबलातला प्रेषित पौल अथेन्सला गेला, 'अज्ञात देवाला' असं लिहिलेली वेदी बघितली, तिथून बोलायला लागला, ग्रीक कवीची ओळही वापरली, आणि काही लोक हसले, काही म्हणाले परत कधीतरी ऐकू, मोजक्यांनी विश्वास ठेवला. हसायची मोकळीक होती. साष्टीत हसायची मोकळीक होती का? स्टीफन्स स्वतः मऊ माणूस असेल, पण त्याच्या मागे उभी असलेली सत्ता मऊ नव्हती, आणि ऐकणाऱ्याला दोन्ही एकदमच दिसत असणार.

महाराष्ट्रात हीच पद्धत सत्तेशिवाय कशी दिसते ते बघायचं तर नगरच्या रेव्हरंड ना. वा. टिळकांकडे जावं लागतं, १८९५ चा बाप्तिस्मा, मग कीर्तनं, अभंग, भजनं, आणि तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगायचे. तिथे तर सांगणारा आणि ऐकणारा एकाच अंगणातले. पण ती वेगळी केस आहे, दोन ओळींत उरकण्यासारखी नाही. आणि आज, जिथे समोरच्याच्या घरी गाथा नसून 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' आहे, किंवा काहीच नाही, नुसता मोबाईल आहे, तिथे ओवी आणि अभंग घेऊन जाणं म्हणजे स्टीफन्सची नक्कल झाली, त्याची पद्धत नाही. आमच्या बायबल स्टडीत ह्यावर भांडण होतं दर वेळी.

ज्यांना मुळातून वाचायचंय त्यांनी नेल्सन फाल्काव ह्या सलेशियन संघाच्या फादरांची २००९ ची आवृत्ती घ्या, ओवी आणि तिचा आजच्या मराठीतला गद्य अर्थ दोन्ही मिळतं, त्यामुळे जुनी मराठी जड जाणाऱ्यालाही अडत नाही. पहिल्या पुराणाच्या पहिल्या अवस्वरूपासूनच सुरू करा, तो ब्राह्मण उठून काय म्हणतो ते आधी वाचा, आणि मोगरीवाली ओवी वाटेत येईलच, तिथे थांबू नका, पुढे बरंच आहे.